चिखलाची सुकट

वर्सोव्याच्या खाडीत ओहोटीला उगाच उतरू नये, हे कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण दर्शना पडली घाटकोपरची. उतरली, आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत आत!

"हलू नका मॅडम. हलाल तेवढ्या आत जाल."

तिनं मान वळवली. होडीच्या कडेवर जाळं दुरुस्त करत बसलेला एक सावळा, दाट भुवयांचा मुलगा तिच्याकडे बघत होता आणि... खरं सांगायचं तर हसू दाबत होता.

"मदत करणार, की नुसते बघणार?"

"काय हरवलंय ते तरी सांगा."

"काही हरवलं नाही. चिखल हवाय मला."

"मग मिळालाय की! भरपूर!"

दर्शना चिडली, आणि चिडता चिडता हसली. तिथंच वाट लागली म्हणा ना! त्यानं फळी टाकली, हात पुढे केला. खरखरीत, उबदार हात. पाय बाहेर आल्यावरही तिनं तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला. सोडला तेव्हा त्याचं नाव माणिक आहे, एवढं कळलं होतं.

मग टपरीवर कटिंग चहा आला.

"एम.एससी.चा प्रोजेक्ट आहे माझा. जिवाणू शोधते," ती म्हणाली. "ब्लड कॅन्सरच्या काही पेशींना एक खाऊ लागतो. तो त्यांना स्वतःला पुरेसा बनवता येत नाही, रक्तातून उचलतात. काही जिवाणूंकडे असं एन्झाइम असतं, ते तो खाऊच तोडून टाकतं."

"म्हणजे रेशन बंद?"

"रेशन बंद!" दर्शनानं बाकावर हात आपटला. घरी चारदा समजावून कोणाला कळलं नव्हतं, आणि हा पठ्ठ्या एका घोटात समजला. "असं औषध आजही आहे. पण काही मुलांना त्याची अ‍ॅलर्जी येते. म्हणून नवा जिवाणू हवा."

"आणि सापडला हे कळणार कसं?"

"प्लेटमध्ये तोच खाऊ घातलेलं पिवळं खाद्य असतं. कामाचा जिवाणू असला की तो खाऊ तोडतो, आणि त्याच्याभोवती गुलाबी कडं उमटतं."

"गुलाबी..." माणिक तिच्या गालांकडे बघत म्हणाला.

"प्लेटमध्ये, म्हटलं मी!"

त्यानंतर दर शनिवारी दर्शना वर्सोव्याला. चिखल कधी जेट्टीजवळचा, कधी होड्यांखालचा. आता 'मॅडम' गेलं, 'तुम्ही' गेलं. गुलाबी कडं मात्र येईना. दोनशे चाळीस जिवाणू तपासले, एकही कामाचा नाही. दांडगट जिवाणू एका दिवसात प्लेटभर पसरायचे आणि बाकीच्यांना डोकंच वर काढू द्यायचे नाहीत.

शेवटी तिच्या गाइड मीरा मॅडम म्हणाल्या, "एकतीस जानेवारीपर्यंत एक तरी दाखव. नाहीतर विषय बदल. दह्यातले जिवाणू घे."

दह्यातले! याच विषयासाठी ती बाबांशी भांडली होती, हातातली नोकरी नाकारली होती. शनिवारी माणिकला हे सांगताना दर्शनाला रडूच आलं.

"रडतेस काय गं?" माणिक म्हणाला. "मढच्या बाजूला तिवरांच्या झाडीत आत एक जागा आहे. तिथं चालत कोणी जात नाही. मी होडीनं जातो, आणतो चिखल."

"शेवटचाच नमुना आहे रे. जपून आण हं."

"जिवापाड जपेन."

चार दिवसांनी तो मेट्रोनं घाटकोपरला आला, लॅबच्या दारात. हातात स्वच्छ घासलेली बरणी, चेहऱ्यावर लग्नाचा आनंद. बरणीत होती कोरडी, चाळलेली, राखाडी पूड.

"हे... काय आहे?"

"चिखल! आईच्या जवळ्याशेजारी कडक उन्हात तीन दिवस सुकवला. ओला ठेवला असता तर सडला असता ना. आमच्यात जपायचं म्हणजे सुकवायचं."

"अरे, चिखल आहे तो, बोंबील नाही! मेले असतील सगळे जिवाणू! शेवटचा नमुना होता माझा... अक्कल आहे का तुला?"

माणिकचं हसू विरलं. त्यानं बरणी अलगद टेबलावर ठेवली. "चुकलं माझं, मॅडम," म्हणाला आणि गेला. ते 'मॅडम' तिच्या काळजात रुतलं.

दुसरं होतंच काय हाताशी? तिनं नाक पुसत तीच पूड प्लेटवर पसरली. एक दिवस, दोन, चार... काहीच नाही. पाचव्या दिवशी खडूच्या ठिपक्यांसारखं काहीतरी उगवलं. तिनं एकेक ठिपका उचलून नव्या प्लेटवर लावला. सोबत पडताळणीची प्लेट, ज्यात तो खाऊच नव्हता. ती गुलाबी झाली तर सगळं मुसळ केरात!

तीस जानेवारी. दर्शनानं एक डोळा मिटून प्लेटांचं उबदार कपाट उघडलं.

एका ठिपक्याभोवती गुलाबी कडं होतं. ठसठशीत! आणि पडताळणीची प्लेट? पिवळीधमक.

"मॅडम!" ती इतक्या जोरात ओरडली की शिपाईही धावत आला.

मीरा मॅडमनी चष्मा दोनदा पुसला, प्लेट पाहिली, मग बरणीतली कोरडी पूड पाहिली. "शाब्बास! माती सुकवून घेतलीस? दांडगट मरतात, चिवट तेवढे उरतात. जुनी युक्ती आहे ही. कोणी शिकवली तुला?"

दर्शनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती जी सुटली, ती थेट वर्सोव्याला.

माणिकची होडी नुकतीच बंदराला लागत होती, इंजिन धडधडत होतं. धक्क्यावर बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या.

"माणिक! सापडला! तुझ्याच चिखलात सापडला!"

"काय?"

"चुकले मी! मूर्ख मी होते, तू नाही!"

"ऐकू येत नाही!"

"माझं प्रेम आहे तुझ्यावर!"

"काय? इंजिनाचा आवाज आहे!"

"प्रेम आहे म्हटलं!"

"परत बोल!"

"माणिक, माझं तुझ्यावर प्रेम आहे रे!"

आणि नेमकं तेव्हाच इंजिन बंद झालं. झालं कसलं, त्या लबाडानंच केलं! अख्ख्या बंदरानं ऐकलं. टोपल्या खाली आल्या, शिट्ट्या वाजल्या. माणिकची आई, शेवंतीबाई, दर्शनाला नखशिखांत न्याहाळून म्हणाली, "काय गो, माझा जवळा बाजूला सारून यानं चिखल सुकवला तो तुझ्यासाठी होय?"

दर्शनाला धक्क्यावरून उडी मारावीशी वाटली. त्याआधी माणिकनंच मारली. कमरेएवढ्या पाण्यातून चालत तो वर आला, निथळत तिच्यासमोर उभा राहिला.

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," तो हळूच म्हणाला.

"मग तीनदा का वदवलंस?"

"तुमच्या लॅबवाल्यांत एकदाच आलेला निकाल धरत नाहीत ना? म्हटलं, बघू... तिन्ही वेळा तोच येतो का."

"आला?"

माणिकनं सगळ्या बंदरादेखत तिचा हात हातात घेतला.

"आला."