राज्य बापावर

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो माझ्यासमोर बसून बोलला, आणि बोलता बोलता तीनदा मागे वळून पाहिलं त्याने.

रात्र नव्हती. रविवारची लख्ख दुपार. सव्वातीन वाजलेले. त्याच्या थोरल्या भावाचं तिसऱ्या मजल्यावरचं घर, बाहेरच्या खोलीत शेजारी-शेजारी दोन कॉम्प्युटर.

ठोकळ्यावर ठोकळा रचून जग उभं करायचा तो गेम असतो ना, त्यासाठी हे दोघे भाऊ भीतीचे मॅप बनवायचे. चार-पाच जणांनी मिळून खेळायचे. एकावर राज्य, बाकीच्यांनी पळायचं. सापडला तो मेला.

या खेपेला धाकट्याने लहानपणीचं घरच उभं केलं होतं. जिना, माळा, न्हाणीघर... पायऱ्यासुद्धा मोजून अकरा.

"तुला दुसरं घर नाही मिळालं?" थोरला म्हणाला.

"भीतीचंच हवं होतं ना, दादा?"

त्या घरात त्यांचा बाप कमरेचा पट्टा काढून दोघांच्या मागे लागायचा. एक पाय अधू, तरी पकडायचाच. त्याला जाऊन आठ वर्षं झाली. मेला की कुणीही लोकांच्या तोंडी देवमाणूस होतो. हा देवमाणूस नव्हता. जनावर होता. कुणाला झोंबलं तर झोंबो.

तिसरी खेळणारी चिमी. थोरल्याची अकरा वर्षांची लेक. ती आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली होती. वहिनी स्वयंपाकघरात. राज्य घेणारा मित्र अजून यायचा होता.

"काका, मी लपले पण!" आतून चिमी ओरडली. "तुम्ही दोघं म्हातारे, बसा धापा टाकत!"

"थांब गं भवाने, फाटक तरी उघडू दे!"

आणि फाटक उघडलं...

आपोआप.

हे फाटक राज्य असलेल्याला आत सोडण्यासाठी. राज्याच्या चौकटीत नाव असल्याशिवाय ते उघडत नाही. एकट्याने तपासायचं असलं की बनवणारे तिथे खोटं नाव टाकतात आणि नंतर पुसतात. धाकट्याने टाकलं होतं 'बाप'. रागाने. पुसायचं राहून गेलं होतं.

"ठोकळ्या, कुणावर राज्य आहे?" थोरल्याने विचारलं. धाकट्याला तो याच नावाने हाक मारायचा.

"कुणावरच नाही. खोटं नाव आहे ते. थांब, पुसतो."

तेवढ्यात कानातल्या हेडफोनमध्ये आवाज आला.

खट्... खर्रर्र...

खट्... खर्रर्र...

एक पाऊल टाकलेलं. एक ओढलेलं.

गेममध्ये लाकडावर चाललं की लाकडाचा आवाज येतो, दगडावर चाललं की दगडाचा. लंगडण्याचा आवाज त्यात नाहीच. कुणी बनवलेलाच नाही.

"हा आवाज तू टाकलास?" थोरल्याने विचारलं.

"आईशप्पथ नाही."

धाकट्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

आवाज थांबला नाही...

घाबरून त्याने बटण दाबून खेळ बंद करायला घेतला. बंद होईना. थोरल्याचा पडद्यावरचा गडी जिन्याच्या सातव्या पायरीवर होता. समोर कुणी दिसत नव्हतं. नुसती रिकामी पायरी. आणि गडी एकेक पाऊल मागे सरकत होता, थोरल्याचा हात कळफलकावर नसताना.

मग खाली अक्षरं उमटली.

बाप : दुसरी कुठंय?

धाकट्याने ते दोनदा वाचलं.

बापाची रीत अशीच होती. एकाला कोपऱ्यात गाठायचा आणि दुसरा कुठंय ते विचारायचा. सांगितलं की सोडून द्यायचा. पकडला जायचा नेहमी थोरला.

आणि थोरला नेहमी सांगायचा.

पळणाऱ्यांना एकमेकांची नावं भिंतीपलीकडूनही दिसतात. थोरल्याच्या पडद्यावर चिमीचं नाव लुकलुकत होतं. वर, न्हाणीघराच्या माळ्यावर.

थोरल्याची बोटं कळफलकावर आली.

"दादा, नको! अरे, चिमी आहे ती! तुझी चिमी!"

धाकट्याने त्याचा दंड धरला. दंड बर्फासारखा गार. डोळे सात वर्षांच्या पोराचे.

'न्हाणीघराच्या माळ्यावर.'

पाठवून मोकळा झाला तो.

खट्... खर्रर्र... आवाज त्यांच्या खुर्च्यांमागून गेला. आतल्या खोलीकडे.

क्षणभर काहीच नाही...

मग सट्कन पट्टा वाजला. एकदाच.

चिमी किंचाळली.

धाकटा धावला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. खिडकी बंद. चिमी भिंतीला चिकटून उभी, फ्रॉक पाठीवर फाटलेला, आणि खांद्यापासून कमरेपर्यंत लालभडक वळ. ती रडत नव्हती. दारात आलेल्या थोरल्याकडे फक्त बघत होती.

वहिनी हातातलं टाकून आली. वळ पाहिला. नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही? पोटच्या पोरीवर?"

"अगं, मी हात नाही लावला! याला विचार! ठोकळ्या, सांग ना हिला!"

वहिनी वळली. "भाऊजी, तुमच्यावर विश्वास आहे माझा. यांनीच मारलं ना?"

थोरला हात जोडून उभा होता. चिमीही बघत होती. नाही म्हणायचं होतं, बस. एका शब्दाचं काम.

"हो," धाकटा म्हणाला. "दादानेच."

वहिनी त्याच संध्याकाळी चिमीला घेऊन गेली. परत आली नाही. थोरल्याला पोरगी आता लांबूनही दिसत नाही. तो फोन करतो, रडतो, विचारतो, का खोटं बोललास. धाकटा उचलून नुसतं ऐकतो.

मीही विचारलं त्याला.

मग म्हणाला, "हो म्हटलं ना... तेव्हा माझ्या मागे भिंत होती. भिंतीला टेकूनच उभा होतो मी.

"तरी मागून कुणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जड हात. मायेने.

"जन्मात पहिल्यांदा."

आणि त्याने पुन्हा मागे वळून पाहिलं.