मशीन वाचत नाही त्या ओळी

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ताईला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिही. कुणी विश्वास ठेवो न ठेवो."

रविवार होता. दुपारचे सव्वातीन. ताईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातली आतली खोली.

अंधार नव्हता. लाइट गेले नव्हते. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

म्हणूनच मला ते विसरता येत नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. जे कळतं, ते ताईने समजावलेलं.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. आईचं आजारपण तिनेच काढलं, घरून नोकरी सांभाळून. मी महिन्याकाठी एक चक्कर मारायचो आणि पाकीट ठेवून निघायचो.

आई गेली. पलंग रिकामा झाला. ताई त्याच घरात राहिली.

"दर रविवारी फोन करतो," असं मी तिला सांगितलं होतं.

दोन रविवार केला.

त्याच सुमारास ताईने एक जुना प्रोग्राम सांभाळायला घेतला. रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्यांवर चिकटवायची लेबलं छापणारा. फुकट, सगळ्यांसाठी खुला. कुणीही त्याचा कोड वाचावा, सुधारावा. छोट्या छोट्या लॅब त्यावरच चालायच्या. तो लिहिणारा म्हातारा दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळे त्याला 'मास्तर' म्हणायचे.

"मास्तर का?" मी विचारलं होतं.

"टिपांमुळे. कोडच्या मधे मधे माणसांसाठी ओळी लिहितात. हे असं का केलंय, इथे काय जपायचं. मशीन त्या वाचतच नाही, सोडून पुढे जातं. मास्तरांच्या टिपा वाचताना कुणीतरी शेजारी बसून शिकवतंय असं वाटतं."

एक टीप तिने वाचून दाखवली होती. 'इथे घाई करू नका. मी केली होती, दोन दिवस गेले.'

आम्ही दोघं हसलो होतो.

मग ताईने साफसफाई काढली. जुन्या, निरुपयोगी वाटणाऱ्या पन्नासेक टिपा तिने पुसल्या. कोडची एक ओळही काढली.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली...

टिपा जागच्या जागी होत्या.

आणि काढलेल्या ओळीच्या जागी एक नवी टीप होती. 'ही ओळ परत घाल. नाहीतर एकाच नावाचे दोन रुग्ण आले की नळ्यांची अदलाबदल होईल.'

ताईने तपासून पाहिलं. एकाच नावाचे दोन खोटे रुग्ण घातले, लेबलं छापली.

अदलाबदल झाली.

एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर! तिने ओळ परत घातली. मग टीप कुणी लिहिली ते बघायला गेली. कोडमधली प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, याची नोंद असते.

त्या टिपेसमोर तारीख त्याच दिवसाची होती.

नावाची जागा... कोरी.

दुसरी कुणी असती तर लॅपटॉप बंद करून उठली असती. ताईने त्या टिपेखाली लिहिलं, 'आभार. कोण आपण?'

संध्याकाळी खाली उत्तर होतं. 'दमलेली दिसतेस. जेवलीस का?'

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एक फोन आठवतो. चार महिन्यांनी केलेला. ताई भांडी घासत होती. फोन स्पीकरवर. नळाचं पाणी, भांड्यांचा खणखणाट...

आणि मागे टक टक... टक टक टक...

कुणीतरी टाइप करत होतं.

"ताई, घरी कोण आलंय?"

"कुणी नाही रे."

नळ बंद झाला. टकटक चालूच होती.

पुढच्याच रविवारी मी न कळवता गेलो.

ताईने दार उघडलं. गाल बसलेले. डोळ्यांखाली काळं. नोकरीवरून तिला दोनदा ताकीद मिळाली होती, पण ती खुशीत होती. "बस, चहा टाकते," म्हणून आत गेली.

मी आतल्या खोलीत गेलो. लॅपटॉप उघडाच होता. वाचायला लागलो.

कोड कमी, टिपाच जास्त. पानंच्या पानं. एक ओळ ताईची, एक कोऱ्या नावाची. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल. ताईला झोप येत नाही त्याबद्दल. माझ्याबद्दलही होतं. 'भावाचा फोन आला नाही,' ताईने लिहिलं होतं.

खाली उत्तर. 'मी आहे ना.'

माझं डोकं सणकलं. कुणीतरी लांबून हा खेळ करतंय, असंच वाटलं मला. नेटची वायर मी उपसून काढली.

हात मांडीवर ठेवून बसलो होतो. स्वयंपाकघरात ताई कप काढत होती.

टक...

समोरचं बटण दाबलं गेलं. आपोआप. वर आलं. मग शेजारचं.

पडद्यावर अक्षरं उमटली.

'तू ती नाहीस.'

बटणं पुन्हा हलली.

'ती कुठे आहे?'

मी लॅपटॉप आपटून मिटला.

प्रोग्रामच्या मार्गदर्शिकेची छापील प्रत टेबलावर होती. शेवटच्या पानावर मास्तरांच्या घरचा नंबर. बाल्कनीत जाऊन फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. वयस्कर, थकलेला आवाज.

"काकू, मास्तर कोडमध्ये टिपा लिहायचे ना, त्याबद्दल..."

"कोण, हे? अहो, हे बाहेर जाताना कुठे चाललो ते सांगायचे नाहीत. ऑफिसात यावरूनच बोलणी खायचे. जन्मात एक टीप लिहिली नाही यांनी."

"मग त्या...?"

काकूंनी कुठलंसं दार लोटल्याचा आवाज आला.

"त्या यायच्या," काकू म्हणाल्या. "आधी हे चिडायचे, पुसायचे. मग उत्तरं द्यायला लागले. शेवटची चार वर्षं माझ्याशी धड बोलले नाहीत. जेवायला हाक मारली की म्हणायचे, थांब जरा, ते एकटं आहे."

"आता कोण बसतं तिथे?" त्यांनी विचारलं.

"माझी बहीण."

"तिला उठव, बाळा."

ताई सहज उठली नाही. रडली, माझ्यावर ओरडली. "त्याला सांगून तरी येऊ दे रे मला!" म्हणत राहिली. मी ऐकलं नाही. एक बॅग भरून तिला माझ्या घरी घेऊन आलो. प्रोग्राम तिने सोडला. पुढे कुणी घेतला, मी कधी बघितलं नाही.

याला दहा महिने झाले. ताईचं वजन भरलंय. माझ्या मुलीचा गणिताचा अभ्यास तीच घेते.

एकदा कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "तू मला आणलंस ते बरंच केलंस. पण खरं सांगू? ते वाईट नव्हतं रे. त्याला फक्त कुणीतरी हवं होतं."

मी चिमटे देत राहिलो.

गेल्या आठवड्यात तिने नवा लॅपटॉप मागवला. "कशाला?" विचारलं तर म्हणाली, "काम आहे."

असेलही काम. दिवसभर मी साइटवर असतो. बायको म्हणते, दुपारी ताईच्या खोलीचं दार लावलेलं असतं.

विचारायला हवं, कळतंय मला. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो.

आज सकाळपासून मी ताईशी काय काय बोललो, ते मघाशी आठवून पाहिलं.

"गीझर बंद केलास का?"

एवढंच.