पांढऱ्याने डाव सोडला

नवव्या चालीला चौदा मिनिटं आठ सेकंद लागली होती. आधीच्या आठ चाली मिळून तीन मिनिटंसुद्धा नव्हती.

तिने आकडा दोनदा वाचला. जगभर आठवड्यात खेळल्या गेलेल्या बुद्धिबळाच्या डावांची फाइल दर सोमवारी सकाळी यायची, आणि त्यातून वजीरप्याद्याने सुरू झालेले डाव चाळून काढणं हे तिचं काम. धाकटा भाऊ ग्रँडमास्टर, ती त्याची विश्लेषक. गेल्या काही वर्षांत संगणकांनी या सुरुवातीची सगळी घडी विस्कटली होती. कॅसलिंग न करता, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला न नेता, कडेचं प्यादं पुढे रेटलं की पूर्वी प्रशिक्षक कान उपटायचे. आता मोठमोठे खेळाडू तीच चाल निमूटपणे पाठ करत होते. सगळ्यांचंच सगळं पाठ, त्यामुळे किंमत उरली होती फक्त कोणी न पाहिलेल्या चालीला.

या डावात नवव्या चालीला पांढऱ्याने राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं दोन घरं ढकललं होतं. चाल तिची होती. शनिवारी दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत, डोळे मिटून, तिने ती शोधली होती. सवयीने स्टॉपवॉच लावलं होतं. चौदा मिनिटं आठ सेकंद. चाल ना कागदावर उतरवली होती, ना संगणकाला दाखवली होती, ना भावाला सांगितली होती.

खेळाडूंच्या नावांचे रकाने कोरे होते.

ती भौतिकशास्त्र शिकलेली. घाबरण्याआधी मोजायचं, ही तिची रीत. तिने आजवरच्या सगळ्या फायलींच्या संग्रहात कोऱ्या नावांचे डाव शोधले. एक्केचाळीस निघाले. हा सोडला तर चाळीस, आणि त्या प्रत्येकात तिने भावाला दिलेली एकेक नवी चाल. डावाची तारीख, तिने ती चाल भावाला दिली त्या दिवसाची. प्रत्येक चाल खरंच नवी आहे ना, हे तिने याच संग्रहात तपासलं होतं. तेव्हा हे डाव इथे नव्हते.

चाळीसच्या चाळीस डाव सारखेच संपत होते. नवी चाल, काळ्याचं उत्तर, आणि बाजू वरचढ असताना पांढऱ्याने डाव सोडलेला.

पहिला डाव अकरा वर्षांपूर्वीचा. त्याच आठवड्यात वडील म्हणाले होते, "दोघांमधला एक तरी नीट पुढे जाऊ दे." तेव्हा बहीणभावाच्या दहा डावांतले सात ती जिंकायची.

एक्केचाळिसावा डाव मात्र संपलेला नव्हता. दहावी चाल पांढऱ्याची होती आणि घड्याळात दोन मिनिटं दहा सेकंद उरली होती.

तिने डाव बंद करून पुन्हा उघडला. एक मिनिट पन्नास. इंटरनेटची वायर उपटली. एक मिनिट चाळीस.

"ताई, उद्या शेवटची फेरी आहे आणि तू अजून मौनव्रतात!" भाऊ दारात उभा होता, ओल्या केसांवर टॉवेल चोळत.

"बघतेय."

"बघतेय म्हणजे सापडलंय. तुझा चेहरा लगेच चुगली करतो."

तिने पडद्यावरची नजर हलवली नाही. "मुलाखतीत काय सांगितलंस परवा? चाली तुला आंघोळ करताना सुचतात?"

"अगं, लोकांना असलंच आवडतं." तो हसला. "ताईने दिली म्हणालो असतो, तर माझीच लाज गेली असती. आता रुसू नकोस. दे."

त्याने हात पुढे केला. मीठ मागावं तसा.

ही स्पर्धा झाली की सांगू, आता मलाच खेळायचंय, असं तिने प्रत्येक स्पर्धेआधी ठरवलं होतं. दुःख हरल्याचं नव्हतं. ती खेळलीच नव्हती.

बारा सेकंद.

"ताई?"

तिचे ओठ उघडले. चाल जिभेवर होती, चाळीस वेळा होती तशीच.

चार.

"एवढं काय गं, नेहमीचंच तर आहे."

एक.

शून्य.

डाव तिथे थांबायला हवा होता. थांबला नाही. उणे एक. उणे दोन. वेळ संपली हे सांगणारं तिकडे कोणीच नव्हतं.

उणे सात.

"छोट्या," ती म्हणाली, "ही चाल तुला मिळणार नाही. यापुढची एकही नाही. मी खेळणार आहे."