आईची साडेसातची गोळी

हे खरं आहे. तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका... कुणाला पटवून देण्याचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

मी दीक्षा. दापोडीत रेल्वेलाइनला लागून आमचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या. अंगारे-धुपारे, भूतखेत यांना आमच्याकडे कधीच थारा नव्हता. म्हणून तर हे सांगताना जीभ अडखळते.

माझा मोठा भाऊ धम्मरत्न चाकणच्या एका कंपनीत मशीनचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. घरी यायला त्याला रोज उशीर. आणि आमची आई, कस्तुराबाई, बीपीची गोळी हमखास विसरायची. म्हणून दादाने घरच्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम बनवला. रोज संध्याकाळी साडेसातला त्याच्याच आवाजात विचारायचा,

"जय भीम आई. गोळी घेतलीस का?"

बस, एवढंच.

आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "जय भीम लेकरा. घेतली, घेतली!" आणि मग घ्यायची.

गेल्या वर्षी चाकणहून येताना एका कंटेनरने दादाच्या बाईकला उडवलं.

दादा गेला. आवाज तेवढा राहिला. आई रोज त्याला उत्तर देत राहिली आणि गोळी घेत राहिली. त्या आवाजावरच ती जगत होती, हे मला दिसत होतं.

यंदा फेब्रुवारीत तो लॅपटॉप कायमचा बंद पडला. बोर्डच जळाला. हार्डडिस्कवरच्या फायली कशाबशा निघाल्या.

मीही कोडिंगच करते. वाटलं, नव्या लॅपटॉपवर प्रोग्राम पुन्हा बिल्ड करू, म्हणजे नव्याने तयार करू, त्यात काय एवढं!

पण दादाने आवाजाचा भाग आधीच कंपाइल करून ठेवला होता. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. दादाचा जुना, माझा नवा. दोघांचं काही केल्या जुळेना. आवाज वेगळा काढायला गेले, तर नुसती खरखर. मूळ रेकॉर्डिंग त्याच्या मोबाइलमध्ये होतं. तो मोबाइल त्याच्याबरोबरच चिरडला.

दादाचा मित्र रणजीत म्हणाला, "ज्या कंपायलरने ते केलंय ना, तोच लागणार. दुसऱ्याला ते ओळखच देणार नाही."

जुना कंपायलर आणला, तर तोच नव्या लॅपटॉपवर बिल्ड होईना. रोज कंपनीच्या बसने रात्री घरी यायचे आणि रडकुंडीला येईपर्यंत बसायचे.

तो गुरुवार होता. एमआयडीसीला सुट्टी. आधीचे गुरुवार रणजीतकडे खटपटीत गेले होते; लॅपटॉप बंद पडल्यापासून साडेसातच्या वेळेला मी पहिल्यांदाच घरी होते.

शेवटचा प्रयत्न केला... पुन्हा तोच एरर. व्हर्जन जुळत नाही.

मी लॅपटॉप मिटला आणि ढसाढसा रडले.

बाहेरून लोकल गेली. मांडणीवरची भांडी थरथरली... थांबली.

मग पंख्याचाही आवाज येईना. पंखा तर फिरत होता...

"जय भीम आई. गोळी घेतलीस का?"

माझा लॅपटॉप मिटलेला होता.

आवाज कपाटावरून आला... दादाचा जळालेला लॅपटॉप होता तिथून. त्याची हार्डडिस्क मीच काढली होती. आत काहीही नव्हतं.

"जय भीम लेकरा. घेतली, घेतली!" आतून आई.

मी धावत गेले. "आई, तू ऐकलंस?"

"रोजच इचारतोय की."

"अगं, लॅपटॉप बंद पडून महिना झाला!"

आईने तांब्या खाली ठेवला. "त्यो डबा बंद पडलाय, दीक्षे. धम्मा कुठं बंद पडलाय?"

मी गोळ्यांची पट्टी पाहिली. एक दिवसही चुकला नव्हता.

मे महिन्यात आई झोपेतच गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी रणजीतचा फोन आला. "दीक्षा, जमलं! कंपायलर जुळला. फाइल पाठवलीये."

ती फाइल मी अजून उघडलेली नाही.

कारण साडेसातला कपाटावरून दादा विचारतोच... आणि रिकाम्या स्वयंपाकघरातून आई म्हणते, "घेतली, घेतली!"

मग पट्टीतून गोळी निघाल्याचा आवाज येतो. बारीक... चट्.

आता मी लवकरच्या बसने येते आणि त्या वेळी उंबऱ्यात बसून असते. आत जायची हिंमत होत नाही. एकदा न राहवून म्हणाले, "दादा, आई... मी पण आहे इथं. मी अजून जेवले नाही."

कुणीच काही बोललं नाही.

काल सकाळी पाहिलं, तर पट्टी संपली होती. दिवसभर कामात लक्ष लागेना. संध्याकाळी गोळी मिळाली नाही, तर...?

बसमधून उतरले ती थेट मेडिकलमध्ये. दुकानदार ओळखीचा. आईच्या मयतीलाही आला होता. चिठ्ठी बघून त्याने हळूच विचारलं, "कुणासाठी, ताई?"

"आईसाठी," मी म्हणाले. "जरा लवकर द्या. तिची वेळ होत आलीये."