पॉझिटिव्ह म्हणजे नक्की काय?

“ते गूगल आधी बंद करा.”

श्रुतिकाने दचकून पाहिलं. घाटकोपरच्या त्या लॅबमध्ये शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी तरुण चक्क तिच्या मोबाइलकडे बघत होता!

“दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावायची सवय आहे का?”

“नाही हो. पण तुम्ही तेच पान परत परत उघडताय... आणि स्क्रीनवर ‘एएनए पॉझिटिव्ह’ दिसलं. माझ्या ताईला ल्युपस आहे, त्याची पहिली टेस्ट हीच असते. तिच्याच टेस्टसाठी आलोय.”

श्रुतिकाने मोबाइल पालथा ठेवला. मढला मालिकांच्या शूटिंगवर ती सहायक दिग्दर्शक होती, दिवसभर उन्हात. दोनेक महिने सकाळी बोटं आखडायची, ऊन लागलं की गाल लाल व्हायचे, बारीक ताप यायचा.

“म्हणजे... मलाही झालाच ना?”

“छे! धडधाकट माणसांचंही एएनए पॉझिटिव्ह येतं कधीकधी. पुढच्या टेस्ट होतील, डॉक्टर तपासतील, मग ठरेल. एका टेस्टवरून रडायचं नसतं.”

“मी रडत नाहीये.”

“हो का? मग हा रुमाल नको असेल.”

तिने रुमाल हिसकावलाच.

त्याचं नाव प्रबुद्ध. संधिवाताच्या डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत दोघं रोज भेटत राहिले. रस्त्याने चालताना तो न बोलता उन्हाच्या बाजूला सरकायचा. तिच्या लक्षात यायचं... आणि ती भलतंच काहीतरी बोलायची.

रिपोर्ट आले. डॉक्टरांनी चष्मा वर केला.

“हे डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडीजचं प्रमाण बरंच वाढलंय. रक्तातलं सी-थ्री हे प्रथिन कमी आहे. तुमचे सांधे, गालावरचा लालपणा... सगळं एकत्र पाहता ल्युपसच आहे. शरीराचं सैन्य स्वतःवरच उलटलंय म्हणा ना. पण लघवीत प्रोटीन नाही, मूत्रपिंडं शाबूत आहेत. गोळ्या चुकवू नका, ऊन टाळा, वेळेवर तपासण्या करा.”

बाहेर येताच तिने प्रबुद्धला लिहिलं, ‘ल्युपसच आहे.’

निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

रात्र गेली, दुसरा दिवसही गेला. तिने फोन केला, त्याने उचलला नाही. सगळं माहीत असलेलाच पळाला, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय?

तिसऱ्या दिवशी तो मढला आला. शूटिंगच्या बंगल्याच्या आवारात, ताडपत्रीच्या सावलीत ती पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसली होती.

“कशाला आलास?”

“ताई आयसीयूत होती तेव्हा बाहेर मीच बसायचो. आता बरी आहे ती... पण तुझा मेसेज वाचला आणि परत तोच दरवाजा डोळ्यांसमोर आला. वाट लागली माझी. पळालो.”

“आणि आता दया आली?”

“दया आली असती तर फोनवर भागलं असतं.” तो वाकून ताडपत्रीखाली आला. “तू आवडतेस मला, श्रुतिका. खूप. भीती काही गेली नाहीये... तिच्यासकट आलोय.”

आत कुणीतरी ‘सायलेन्स!’ ओरडलं. शॉट संपेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यावा लागला. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तिचा राग हळूहळू गळून पडत होता. राग तसाच टिकावा असं तिला वाटत होतं, तरीही.

शॉट संपला.

“पुन्हा असा गप्प बसलास ना...”

“नाही बसणार. घाबरलो तर सांगेन.”

“लगेच?”

“लगेच.”

“आत्ता घाबरलायस?”

“प्रचंड.”

तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला हसू फुटलं. तिने हात पुढे केला.

“हळू धर हं... बोटं दुखतात.”

त्याने हात असा धरला, की धरलाय हेही कळू नये. तिने क्षणभर वाट पाहिली.

“इतकंही हळू नको रे...”