लिफ्टवाली कुणाची?

बाईंचा चहा अजून कपातच होता, तेव्हा संपादकांचा फोन आला.

"तुमच्या वर्गातल्या दोघींनी एकच चित्रकथा पाठवलीय," ते म्हणाले. "तीच पात्रं, त्याच चौकटी, तोच शेवट. फरक एवढाच, की एकीची पानं म्हणजे दुसरीच्या पानांचं आरशातलं रूप आहे."

"कोणत्या दोघी?"

"आडनाव एकच. पत्ताही एकच."

बाईंनी कप खाली ठेवला. नणंद-भावजय. दुसऱ्या कोण असणार?

"कुणी कुणाची उचलली?"

"ते तुम्ही सांगायचं. निवड आज संध्याकाळी जाहीर होणार आहे आणि खरं सांगतो, पहिली निवड हीच आहे. पण कुणाची ते नक्की झालं नाही, तर दोघीही बाद. आणि बाई, पुढच्या वर्षी तुमच्या वर्गाकडून काही घ्यायचं का, याचाही विचार करावा लागेल."

फोन बंद झाला. चहा तसाच राहिला.

निवड होणाऱ्याला प्रकाशकाच्या चित्रशाळेत वर्षभर काम मिळणार होतं. दुसऱ्या गावात, राहण्याच्या सोयीसकट. असं दार एकदाच उघडतं, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांच्यासाठी ते कधी उघडलंच नव्हतं.

बाई आपल्या चित्रकथेच्या वर्गात पोचल्या आणि दोन्ही फाइली पडद्यावर शेजारी शेजारी उघडून बसल्या.

कथा साधी होती. लिफ्ट दुरुस्त करणारी एक बाई दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. सोबत एक म्हातारा असतो, आणि त्याला वर कुणाकडे जायचंय तेच आठवत नसतं. वाचताना बाईंनी दोनदा मागे जाऊन तेच पान पुन्हा पाहिलं. हे त्यांच्या वर्गातून आलं होतं, आणि कुणाच्या हातून आलं ते त्यांना सांगता येत नव्हतं.

मग त्यांनी पुरावे शोधायला घेतले.

लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, पाहिले. रेघांचे वेगळे, रंगांचे वेगळे, अक्षरांचे वेगळे. दोन्हीकडे सारखेच. तारखाही सारख्याच.

छायेसाठी मारलेल्या बारीक तिरप्या रेघा पाहिल्या. उजव्या हाताची रेघ खाली डावीकडून वर उजवीकडे जाते. डावखुऱ्याची उलटी. वहिनी उजव्या हाताने काढायची, नणंद डावखुरी होती. वहिनीच्या फाइलीत रेघा उजव्या हाताच्या होत्या आणि नणंदेच्या फाइलीत डाव्या. दोघीही आपापल्या जागी खऱ्या.

शेवटी लिफ्टवालीच्या शर्टाचा खिसा पाहिला. चित्र उलटलं की खिसा उजवीकडे जायला हवा. पण दोन्हीकडे तो डावीकडेच होता. एकीने तो मुद्दाम पुन्हा काढला होता, आणि इतका सफाईने, की कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा ते कळत नव्हतं.

चोर कच्चा नव्हता.

दुपारी तिघी आल्या. नणंद, वहिनी आणि नणंदेची आई. नणंदेला घरात मिरची म्हणत, म्हणून वर्गातही ती मिरचीच झाली होती. तिचं ऐकून सगळा वर्ग भावजयीला वहिनीच म्हणायचा.

बाईंनी आधी मिरचीला आतल्या खोलीत घेतलं.

"फाइल कुठे असायची?"

"घरच्या टॅबलेटवर. एकच तर आहे. दादाने आणलेला. दुपारी वहिनी वापरते, संध्याकाळी मी."

"त्याला पासवर्ड?"

"घरात कपाटाला कुलूप लावत नाही आम्ही, बाई."

"सगळ्या फाइलींवर एकच तारीख कशी?"

"मध्ये टॅबलेट बंद पडला होता. दुरुस्तीवाल्याने सगळं काढून परत भरलं. तेव्हापासून सगळ्या फाइली जुळ्या झाल्यात."

"रंग कुणी भरले?"

मिरची इथे अडखळली. "रंग वहिनीने भरले."

"सगळे?"

"मला रंगांचा कंटाळा येतो. पण रेघा माझ्या आहेत. लिफ्टवाली माझी आहे." तिचा गुडघा टेबलाखाली सारखा हलत होता. "तुम्हाला ती शहाणी वाटते म्हणून तुम्ही तिचंच खरं मानणार."

त्यात तथ्य होतं. पहिल्या महिन्यापासून वहिनीची वही वर्गात सगळ्यात नीट. सांगितलेलं सगळं करणारी. मिरची मात्र प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची. "तोंडाने चित्र काढता आलं असतं तर ही पहिली आली असती," असं बाईच एकदा म्हणाल्या होत्या.

वहिनी पदर सावरावा तशी ओढणी नीट करत आली आणि शांतपणे बसली.

"रंग माझे, रेघाही माझ्या," ती म्हणाली.

"मग मिरचीकडे डावखुऱ्या रेघा कशा?"

"चित्र उलटवायला एक बटण दाबावं लागतं, बाई. तुम्हीच शिकवलंत."

"म्हणजे ती खोटं बोलतेय?"

"ती वाईट नाही हो. पण तिला त्या घरातून बाहेर पडायचंय. सकाळी उठून तीच भांडी, तीच खिडकी. अशा वेळी माणूस काय करेल, सांगता येत नाही."

बाहेर मिरचीची आई बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसली होती. बाईंनी तिलाही विचारलं.

"मला ओट्यापासून दोघींच्या पाठीच दिसतात," ती म्हणाली. "त्या काळ्या पाटीवर वाकलेल्या. एकीची बाजू घेतली तर लेक तुटते, दुसरीची घेतली तर सून. तुम्हीच सांगा, कुठला डोळा फोडून घेऊ?"

बाईंनी मग एकच उपाय केला. दोघींना वेगवेगळ्या टॅबलेटसमोर बसवलं. "लिफ्टवाली काढा. समोरून, नुसता चेहरा. पानं बघायची नाहीत."

वहिनीचा हात संथ चालला. मधेच तिने कोपऱ्यातलं बटण दाबलं. पडद्यावरचं चित्र आरशातल्यासारखं उलटलं. तिने एक डोळा जरा खाली घेतला, पुन्हा बटण दाबून चित्र सुलट केलं आणि पुढे गेली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. चेहरा हुबेहूब उतरला.

मिरचीने चार रेघा मारल्या, पुसल्या, पुन्हा मारल्या. पेन काचेवर करकरत होतं. एकदाही ती थांबली नाही की तिने काही तपासलं नाही. तिने काढलेला चेहरा घाईचा झाला होता. हनुवटी घसरल्यासारखी वाटत होती.

बाईंना वाईट वाटलं. चित्र वहिनीचंच जुळत होतं.

त्या फोन उचलायला गेल्या आणि परत ठेवून दिला. खोलीत येरझाऱ्या घातल्या. खिडकी उघडली, रस्त्यावरच्या हॉर्नचा आवाज आला तशी लावली. काहीतरी टोचत होतं. कुसळासारखं, दिसत नव्हतं पण होतं.

वहिनीचं चित्र हुबेहूब होतं. पण कशाशी?

त्यांनी चित्रकथेची पानं पुन्हा उघडली. या वेळी नुसते चेहरे पाहिले. पहिलं पान, मग शेवटचं, मग मधली.

मग तिघींना आत बोलावलं.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. त्या बसल्या नाहीत. "आपण बराच वेळ एकाच बाजूने चित्र बघत राहिलो की डोळा सरावतो. चेहरा तिरका होत जातो आणि आपल्याला तो सरळच दिसतो. म्हणून चित्र उलटवून बघायचं. चूक लगेच डोळ्यात भरते. हे मी पहिल्याच महिन्यात शिकवलं. तेव्हा मिरची काय म्हणाली होती?"

"आरशात बघून दाढी करतात, चित्र काढत नाहीत," मिरची पुटपुटली.

"बरोबर. तिने ते बटण कधी दाबलं नाही, आजही नाही. वहिनीने मात्र मघाशी न सांगता दोनदा चित्र उलटवून पाहिलं. तिच्या हाताला ती सवय आहे. म्हणून तिची आजची लिफ्टवाली अगदी सरळ आहे."

त्यांनी पडद्यावर पानं सरकवली.

"आता ही बघा. प्रत्येक पानावर लिफ्टवालीचा एक डोळा किंचित वर आहे. हनुवटी एका अंगाला कललेली आहे. म्हाताऱ्याचंही तेच. एकही चेहरा सरळ नाही. ज्या हाताला उलटवून तपासायची सवय आहे, त्या हातून पानामागून पान असे चेहरे निघणार नाहीत. आणि हा कल कोणत्या बाजूचा? मिरचीच्या फाइलीत तो ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला तो तिच्या आत्ताच्या चित्रात आहे."

"रेघा डावखुऱ्या होत्या," बाई वहिनीकडे वळल्या. "त्या तुझ्या हाताच्या दिसाव्यात म्हणून तू सगळी पानं उलटवलीस. खिसा पुन्हा काढलास. नीटनेटकं काम केलंस. तुझं सगळंच नीटनेटकं असतं."

आईने पिशवी घट्ट धरली. "सूनबाई?"

वहिनीने नखाने टेबलाची कड खरवडली.

"माझ्या तीन कथा परत आल्या," ती म्हणाली. "तिन्हींवर एकच शेरा. रेखाटन निर्दोष. पुढे काही नाही. आणि ही बटाटे सोलता सोलता उठते, काहीतरी खरडते, आणि त्यात रंग भरताना मला रडू येतं. त्या भांड्यांसमोरून, त्या खिडकीसमोरून मला निघून जायचं होतं, बाई. मघाशी मी तिचं म्हणून सांगितलं, ते माझं होतं."

"चेहरे तिरके आहेत ते तुला दिसलं नव्हतं?" बाईंनी विचारलं. "तुझी नजर तर तयार आहे."

"पहिल्याच दिवशी दिसलं. एक पान सरळ करूनही पाहिलं. सरळ केल्यावर त्यातला जीव गेला. म्हणून होते तसेच ठेवले."

बाईंनी फोनकडे हात नेला. वहिनी उठली आणि तिने तो त्यांच्या आधी उचलला. संपादकांना तिने स्वतःचं नाव सांगितलं, मग मिरचीचं. "खरी तिची आहे. मी चोरली." पलीकडून काय विचारलं ते कुणाला कळलं नाही. "हो, रंग माझे," एवढंच ती शेवटी म्हणाली आणि फोन ठेवला.

आई रडत होती, आवाज न करता.

मिरचीचा गुडघा हलायचा थांबला होता.

"ते सरळ केलेलं पान आहे अजून?" तिने विचारलं.

"आहे."

"दाखव."

वहिनीने ते उघडलं. मिरची पडद्याजवळ गेली आणि कितीतरी वेळ बघत उभी राहिली. लिफ्टवाली तिच्याकडे अगदी समोरून, अगदी बरोबर बघत होती.

"ही माझी नाही," मिरची म्हणाली. "ही तुझी. ही तू पूर्ण कर."

मग आईला हाताला धरून उठवून ती जिना उतरून गेली. वहिनी पडद्यासमोर तशीच बसून राहिली. बाईंनी तिला जायला सांगितलं नाही.