सकुबाईंच्या डाव्या हाताचा फोटो

"आईनं दुखणं लपवलं, स्वतःच्या हातानं मेली, असं डॉक्टर गावभर सांगतोय," सकुबाईंची मुलगी अक्षदा म्हणाली. "ते खरं का, एवढंच मला शोधून द्या."

शहापूरच्या खासगी तपासनीस माधुरीताई विशे यांनी वही उघडली. मदतनीस साईनाथने चहा पुढे सरकवला. अक्षदाने हात लावला नाही.

"नोव्हेंबरात मतदानाला मी टोकावड्याला गेले. आईच्या डाव्या अंगठ्याच्या नखात उभी काळी रेघ होती. म्हटलं, उद्याच डॉक्टरला दाखव. 'दाखवते गो,' म्हणाली. एप्रिलमध्ये ठाण्याला कळलं, नखाखालचा कॅन्सर. तोवर पसरला होता."

तिघं टोकावड्याला गेली. औषधवाला राघो लगेच तापला. "सकुबाईच्या नखाला मलम मी दिलं, पन डॉक्टरच्या चिठ्ठीवर. कंचा महिना, नाय आठवत. माझ्या बोकांडी नका बसू!"

डॉक्टर मात्र निवांत होता. "एप्रिलात पहिल्यांदा आली."

"आल्या," माधुरीताईंनी दुरुस्त केलं.

"त्याच दिवशी ठाण्याला पाठवलं. राघोनं परस्पर मलम विकलं असेल. हा त्याच दिवशी काढलेला फोटो, पुरावा." त्याने फाइलमधला फोटो टेबलावर टाकला. डावा हात. अंगठ्यावर काळी रेघ. शेजारच्या बोटावर नखाच्या मुळापासून खाली कातडीपर्यंत गडद शाई.

"अंगठ्यावर वरवंटा पडला असेल," साईनाथ पुटपुटला.

"माराचं साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं," माधुरीताई म्हणाल्या. " मुळाशी कोरं नख येतं. ही रेघ मुळाशीच आहे, कातडीतही उतरलीय. तिथे तुकडा काढून तपासायचा असतो. मलम नव्हे."

"मग मी काय वेगळं केलं?" डॉक्टर उसळला.

माधुरीताईंनी दुसऱ्या बोटावर टिचकी मारली. "ही मतदानाची शाई. कातडीवरची काही आठवड्यांत जाते, नखावरची वाढीबरोबर टोकाकडे सरकते. नोव्हेंबरनंतर इथे मतदान झालेलं नाही. एप्रिलात मुळाशी शाई कुठून आली? हा फोटो नोव्हेंबरातला आहे. बुरशी समजून तुम्ही पाच महिने मलम चोळायला लावलंत."

डॉक्टरने फोटोकडे हात नेला. अक्षदाने तो आधीच उचलला होता.

"चुकलो म्हणाला असतास, तर मी रडून घरी गेले असते," ती म्हणाली. "तू तिला खोटी ठरवलंस."

तक्रार मुरबाडला द्यायची होती. एसटीत ती फोटो धरून बसली. शाई अजून ओली वाटावी इतकी काळी होती.

"आई दुसऱ्याच दिवशी दाखवायला गेली होती," ती साईनाथला म्हणाली.